सत्तर पौंडांची ओढ

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्या शेजारच्या खुंटीवर जे हिरवे, चकचकीत, नखरेल धनुष्य टांगलेले दिसते आहे, ते माझे कोणी लागत नाही. घरी पाहुणे येतात, मागच्या दाराशी बूट काढतात आणि आधी त्याच्याकडे बघतात. "वा! काय सुरेख आहे!" मग मान वळवून विचारतात, "आणि हे जुनं कुणाचं?" ते जुने म्हणजे मी. मी धनुष्य आहे, रंग उडालेले, मुठीपाशी घासून गुळगुळीत झालेले. पण एके काळी माझा आकडा ऐकून माणसे शीळ घालायची.

आकडा म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. दोरी पूर्ण मागे खेचायला जितका जोर लागतो, त्याला धनुष्याची ओढ म्हणतात. ती पौंडांत मोजतात. माझी ओढ सत्तर पौंडांची. चौथी-पाचवीतल्या एखाद्या मुलाला एका हाताने उचलून बघा, म्हणजे सत्तर काय असते ते कळेल. अवघड कामाला शिवधनुष्य उचलणे म्हणतात ना? उचलायला काय लागते! ओढून दाखवा म्हणावे.

माझा जन्म कारखान्यात झाला. धातूचा कणा, त्याला वरखाली दोन लवचीक भुजा, भुजांच्या टोकांना दोन चाके आणि चाकांवरून फिरणारी दोरी. भुजा जिथे कण्याला जोडल्या आहेत तिथे एकेक बोल्ट. ते दोन्ही बोल्ट गच्च आवळून कारखान्यातल्या माणसाने माझ्यावर सत्तरचा शिक्का मारला, तेव्हाच माझी मान ताठ झाली. ती बरीच वर्षे ताठच राहिली.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या डोंगराळ भागात, गुरांच्या खाद्याच्या दुकानाशेजारी धनुष्यबाणांचे एक दुकान होते. तिथून मला व्हर्लिन ट्वेटने घेतले. व्हर्लिन दुधाचा टँकर चालवायचा. मानेपासून कमरेपर्यंत नुसता पिळदार गडी. त्याचा मेहुणा ऑर्डेल याच्याकडे पासष्टचे धनुष्य होते. एवढे एक कारण व्हर्लिनला पुरेसे होते.

"सत्तरचं द्या," तो म्हणाला.

"एकदा त्या स्टुलावर बसून ओढून बघा की," दुकानदार म्हणाला.

"बसून? मी इथं कॉफी प्यायला आलोय का?"

आणि त्याने पाय फाकवून मला छताकडे रोखले, कमरेतून हिसडा दिला आणि दोरी मागे नेली. ओढताना मध्येच जोर शिगेला पोहोचतो. तो टप्पा ओलांडला की चाके वळतात आणि भार एकदम हलका होतो. व्हर्लिनने तो टप्पा दात-ओठ खाऊन ओलांडला. दुकानदार म्हणाला, "बघा बुवा, तुमची मर्जी." मला तो दुकानदार तेव्हापासून आवडत नाही.

सुरुवातीची वर्षे सोन्याची होती. दर नोव्हेंबरात आम्ही ऑर्डेलच्या खोपटात जायचो. फळ्यांच्या भिंती, मधोमध लाकडाची शेगडी, दोरीवर वाळणारे मोजे, तव्यावर परतलेले कांदे आणि हरणाचे सॉसेज. दारातून आत येणाऱ्याला बायकापोरांची खुशाली नंतर विचारायची, आधी त्याच्या खांद्याकडे बघून विचारायचे, "कितीचं?" कुणी म्हणे पंचावन्न, कुणी म्हणे साठ. मग व्हर्लिन टोपी काढत अगदी सहज म्हणायचा, "सत्तर." शीळ ऐकू यायची. ऑर्डेल उगाच शेगडीत लाकूड सारायचा. त्या क्षणासाठी मी वर्षभर जगत असे.

त्या खोपटाचा एक रिवाज होता. ज्याचे हरीण हुकेल, त्याच्या शर्टाचे मागचे शेपूट कात्रीने कापायचे, त्यावर नाव आणि हुकण्याचे कारण लिहायचे आणि तो तुकडा भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. भिंतभर रंगीबेरंगी तुकडे होते. कुणाची शिंक, कुणाचे धुके. व्हर्लिनचे चौकड्यांचे तुकडे एकाशेजारी एक वाढत गेले. वारा. फांदी. मचाण करकरलं. ऊन डोळ्यांत. त्याची बायको मार्लिस नाताळला त्याला नवा शर्ट द्यायची आणि म्हणायची, "शेपूट गेलं तर गेलं, बाह्या तेवढ्या परत आण रे बाबा."

मला कारण ठाऊक होते, पण मला कोण विचारतो? उन्हाळ्यात अंगणात, अंगात पातळ सदरा, पाय जमिनीवर घट्ट, समोर गवताचा भारा, तिथे सत्तर ओढणे वेगळे. आणि पहाटेपासून मचाणावर थंडीत आखडून बसल्यावर, जाड कोट घालून, न हलता ओढणे वेगळे. व्हर्लिनला मला आभाळाकडे उचलल्याशिवाय ओढताच यायचे नाही. झाडावर एवढे मोठे काही हलले की हरीण थांबते होय? पांढरे शेपूट वर करून ते पसार व्हायचे. कधी ओढून झालेच, तर हात थरथरायचा आणि तो घाईने बाण सोडून द्यायचा. मी मनात म्हणायचे, याला माझा भार सोसवत नाही, यात माझी काय चूक? नाचता येईना अंगण वाकडे.

मग ती आली.

चीजच्या कारखान्यातून मार्लिस निवृत्त झाली आणि तिने जाहीर केले, "या वर्षीपासून मीही मचाणावर येणार. भांडी घासायला खोपटात तुम्ही आहातच." व्हर्लिन पोट धरून हसला आणि म्हणाला, "चल, तुला मस्तपैकी पन्नासचं घेऊन देतो." त्याच दिवशी मला नवी दोरी लावायची होती, म्हणून मीही दुकानात होते. काउंटरवर आडवे पडून मी जे पाहिले ते अजून विसरले नाही.

मार्लिसने घरून व्हर्लिनचा शिकारीचा जाड कोट आणला होता. तो तिने अंगात चढवला. दुकानातली बादली उलटी केली, तिच्यावर बसली आणि पायांचा जोर मिळू नये म्हणून दोन्ही पाय जमिनीवरून उचलले. पन्नासचे धनुष्य तिने समोर सरळ धरले आणि ओढले. अर्ध्यावर तिचे हात वर जाऊ लागले, बादली कलंडायला आली.

"जमलं की!" व्हर्लिन म्हणाला.

"कसलं जमलं? पन्नासला मी ओढत नव्हते, पन्नास मला ओढत होतं. खालचं दाखवा."

असे करत करत ती बेचाळीसवर आली. पाय वर, हात समोर, दोरी सरळ मागे. आवाज नाही, हिसडा नाही. दोरी गालाला टेकवून ती तशीच बसून राहिली. खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी चुकीची लावलेली होती, त्यावरही तिने शेरा मारला. मग दोरी सावकाश पुढे आणली आणि म्हणाली, "हेच द्या."

बेचाळीस! मित्रांनो, मला हसू आवरेना. एवढ्याने हरणाला गुदगुल्या होतील. सरकारी नियमात तीस पौंडांवर हरणाची शिकार चालते म्हणे. नियम करताना मला कुणी विचारले नव्हते.

पण माझे हसू घरी पोहोचेपर्यंतच टिकले. ती हिरवी घरात गेली. हो, मी तिला ती म्हणते. सवतीला दुसरे काय म्हणायचे? तिला मागच्या दाराच्या खोलीत, रबर गुंडाळलेल्या खुंटीवर जागा. मी गॅरेजमध्ये, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी. नव्याचे नऊ दिवस, असे मी स्वतःला समजावले. नऊ दिवस कधीच संपले. एका संध्याकाळी व्हर्लिन पायरीवर बसला होता आणि त्याच्या मांडीवर ती होती. तो तिच्या दोरीला मेण लावत होता. बोटाने हळूहळू चोळून, ऊब आणून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या दोरीला मेण लागून किती दिवस झाले होते! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

उन्हाळाभर दोघे अंगणात सराव करायचे. मला चार-सहा वेळा ओढले की व्हर्लिन खांदा चोळत खाली बसायचा. मार्लिस मात्र सोडतेच आहे, सोडतेच आहे, बाण एकमेकांना खेटून बसताहेत. आणि व्हर्लिन मला गवतात टाकून तिच्याकडे बघत राहायचा. बाण गेले खड्ड्यात. मला सलायचे ते वेगळेच. प्रत्येक वेळी दोरी मार्लिसच्या गालाला टेकून शांत राहायची. एखादे मांजर उशाशी यावे तशी. एवढ्या वर्षांत व्हर्लिनचा गाल मला कधी धड लागलाच नव्हता. तो मला ओढायचा आणि सोडायचा. थांबायचा नाही. त्या हिरवीला जे रोज मिळत होते ते मला एकदाही मिळाले नव्हते, आणि आकडा मात्र माझा मोठा होता!

त्यात व्हर्लिनचा खांदा बिघडला. पुदिन्याच्या वासाचे मलम चोळून चोळून गॅरेजभर दरवळ सुटायचा. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक झटका बसला तर शस्त्रक्रिया, आणि मग धनुष्य कायमचे विसरायचे.

"ते सत्तर या वर्षी राहू दे," मार्लिस म्हणाली.

"म्हणजे खोपटात सांगू काय? बायकोनं काढून घेतलं?"

"सांग की, खांदा खुंटीला टांगून आलोय."

"सांगशील तू!" असे म्हणून त्याने मला पेटीत घातले. मी खूश झाले. पण आतून भीतीही वाटत होती. त्याचा खांदा गेला म्हणजे माझेही आयुष्य गेले. दुसरे कोण मला घेणार होते?

नोव्हेंबरातली ती सकाळ. एका ओकच्या झाडावर दोन मचाणे, एकावर व्हर्लिन आणि मी, दुसऱ्यावर मार्लिस आणि ती. जमिनीवर दहिवर गोठले होते. ओढ्याच्या बाजूने पाचोळा वाजला आणि शिंगाळा नर बाहेर आला. मान जाड, चाल संथ. व्हर्लिनची छाती धडधडली ती मला मुठीतून कळली. त्याने मला आभाळाकडे उचलले आणि ओढायला लागला. जोर शिगेला आला. पुढे जाईना. थंडीने आखडलेला खांदा कट्कन वाजला, दोरी त्याला पुढे खेचत घेऊन गेली आणि बाण निसटून मचाणाच्या लोखंडावर टणकन पडला.

नराने मान वर केली. तो थेट आमच्याकडे बघू लागला. व्हर्लिन मला पोटाशी धरून दगडासारखा बसला. वेदनेने त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण त्याने हूं की चूं केले नाही.

शेजारच्या मचाणावर मार्लिसने दोरी मागे नेली. मी एवढ्या जवळ असून मला ऐकू आले नाही. नर अजून समोर तोंड करून उभा होता, तसा बाण मारायचा नसतो. ती थांबली. दोरी गालाला लावून थांबून राहिली. नराला वाटले, काही नाही. त्याने मान खाली घातली, आडवा वळला, आणि मग बाण गेला. बरगड्यांतून आरपार. तो ओढ्यापर्यंत धावला आणि आमच्या नजरेसमोरच कोसळला. त्याचे फार हाल झाले नाहीत.

मला त्या जनावराचे वाईट वाटायला हवे होते, व्हर्लिनच्या खांद्याचेही. मला वाटले ते एवढेच, की बेचाळीसने मारले. माझ्या डोळ्यांदेखत, बेचाळीसने!

संध्याकाळी खोपटात ती हिरवी हातोहात फिरली. जो तो तिला उचलून बघतो आहे, दोरी बोटाने छेडतो आहे. मी कोपऱ्यात, ओल्या बुटांशेजारी. ऑर्डेलने बहिणीच्या, म्हणजे मार्लिसच्या, पेल्यात ब्रँडी ओतली आणि व्हर्लिनला म्हणाला, "तू नशीबवान बघ. बाण सुटलाच नाही, म्हणजे हुकला नाही. शर्ट वाचला."

व्हर्लिनचा एक हात गळ्यातल्या झोळीत होता. तो उठला, दुसऱ्या हाताने खिळ्यावरची कात्री काढली आणि मार्लिससमोर धरली.

"काप."

"अरे, पण नियमात बसत नाही," ऑर्डेल म्हणाला.

"हरीण होतं, बाण होता, मी होतो. आणखी काय पाहिजे? काप तू."

मार्लिसने शर्टाचे शेपूट कापले. ऑर्डेलने पेन उघडले. "कारण काय लिहू? खांदा?"

"खांद्याला कशाला बदनाम करतोस? सत्तर लिही."

कुणी हसले नाही. ऑर्डेलने लिहिले, तुकडा ठोकला आणि भिंतीकडेच तोंड करून म्हणाला, "माझं पासष्ट मी कधीच सैल करून घेतलंय. अठ्ठावन्नवर आहे. तूच विचारायचास म्हणून पासष्ट सांगायचो."

"माझंही साठ नाही," शेगडीपाशी बसलेला एक जण म्हणाला.

व्हर्लिन सगळ्यांकडे बघत राहिला. "म्हणजे एवढी वर्षं खरंखुरं ओढणारा गाढव मी एकटाच?"

"तुझं तोंड किती फुललेलं असायचं रे ते सांगताना," ऑर्डेल म्हणाला. "तुझा आनंद मोडवेना."

मग मात्र सगळे हसले, व्हर्लिन सगळ्यांत जोरात, खांदा धरून. मी सोडून सगळे. माझा आकडा, ज्यासाठी मी जगले, तो शिंका आणि धुक्याच्या रांगेत खिळ्याला लटकला होता.

हिवाळाभर मी फावड्याशेजारी होते. फावडेसुद्धा रोज बाहेर जाऊन यायचे. वसंतात लोक अंगणात जुने सामान मांडून विकतात. मलाही तिथे, जुन्या इस्त्रीशेजारी मांडतील, असे मी धरून चालले होते. बर्फ वितळला आणि एके दिवशी मागच्या दारातून व्हर्लिनचा आवाज आला.

"डॉक्टर म्हणाले, हलकं काही ओढायला हरकत नाही. मार्लिस, तुझं जरा देतेस?"

मित्रांनो, माझी दोरी तेव्हाच तुटली असती तर बरे झाले असते. एवढे दिवस त्याने तिला मेण लावले ते सोसले, आता तो तिला ओढणार! मी कान टवकारून ऐकले. दोरी मागे गेल्याचा हलका आवाज आला. मग व्हर्लिन कुरकुरला, "हात आखडतोय. तोकडं पडतंय मला."

"पडणारच. माझ्या हाताच्या मापाचं आहे ते," मार्लिस म्हणाली. "दुसऱ्याचं कशाला बघतोस, स्वतःचं आहे ना?"

"ते? ते सत्तर आहे."

"बोल्टला काय सांगून ठेवलंय का तसं?"

गॅरेजचे दार उघडले आणि मार्लिसने मला घरात नेले. ओट्याशेजारच्या खुर्चीवर व्हर्लिन जाड कोट घालून बसला होता, घामाघूम. मार्लिसने एलन की, म्हणजे बोल्ट फिरवायची वाकडी किल्ली, काढली. वरच्या भुजेचा बोल्ट एक फेरा सैल केला, खालचाही तेवढाच. सैल! हा शब्द मी शिवीसारखा ऐकत आले होते. मी अंग ताठ केले, पण बोल्टपुढे कुणाचे चालते?

"पाय उचल," मार्लिस म्हणाली. व्हर्लिनने पाय उचलले, मला समोर धरले आणि ओढले. हात वर जाऊ लागले. "अजून नाही." पुन्हा वरचा फेरा, पुन्हा खालचा. "पाय." पुन्हा नाही. बनवणाऱ्यांनी जितके फेरे सोडायची मुभा दिली आहे, त्याच्या टोकाशी आम्ही पोहोचलो होतो. इथे जमले नाही तर मी खरोखरच इस्त्रीशेजारी जाणार, हे मला कळले. आयुष्यात पहिल्यांदा मी मनातल्या मनात म्हणाले, हो गं बाई, कर सैल, आणखी कर.

शेवटचा फेरा सुटला. व्हर्लिनने पाय उचलले. हात समोर, दोरी सरळ मागे. शिगेचा टप्पा आला आणि गेला, चाके वळली, भार उतरला, आणि माझी दोरी त्याच्या गालाला टेकली.

तो थांबला.

गाल खरखरीत होता, दाढी वाढलेली. कॉफीचा आणि पुदिन्याच्या मलमाचा वास येत होता. त्याचा श्वास माझ्या दोरीवरून जात होता, हात जराही थरथरत नव्हता. खिडकीबाहेर पागोळ्या गळत होत्या आणि तो त्या बघत बसला होता, मला गालाशी धरून, जणू त्याला कुठे जायचेच नव्हते. एवढी वर्षे मी त्या हिरवीचा हेवा केला तो याचसाठी. आणि माझ्या ताठ आकड्यानेच ते माझ्यापासून लांब ठेवले होते.

मार्लिसने हळूच विचारले, "आता कितीचं झालं रे?"

"कोण मोजतंय," व्हर्लिन म्हणाला आणि दोरी सावकाश पुढे आणली.

मला माहीत आहे कितीचे. पण मी सांगणार नाही.

त्या नोव्हेंबरात खोपटात शिरताना कुणीतरी सवयीने विचारले, "कितीचं?" व्हर्लिन टोपी काढत म्हणाला, "बसून ओढवतं एवढं." शीळ कुणी घातली नाही. मला थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण त्या वर्षी त्याचा शर्ट अख्खा घरी आला.

तेव्हा मित्रांनो, मोठे झाल्यावर कधी धनुष्य घ्याल तर आकडा विचारू नका. जाड कोट घाला, बसा, पाय उचला आणि समोर धरून सरळ ओढा. हात आभाळाकडे गेले तर ते तुमचे नाही. गालाशी धरून थांबता आले तर तुमचे. ओढ कमी केली म्हणून ओढ कमी होत नाही.

आता मी घरातच असते, रबर गुंडाळलेल्या खुंटीवर. शेजारी ती असते. काल संध्याकाळी व्हर्लिन मेणाची कांडी घेऊन आला आणि त्याचा हात आधी तिच्याकडे गेला. म्हणून एक शेवटची विनंती. घरात दोन धनुष्ये असतील तर मेण आधी जुन्या दोरीला लावा. ती बोलत नाही, पण बघत असते.